शोधशब्द: आई

रविवार, २ नोव्हेंबर २०२५

पोचले एकदाची. वसमतहून निघताना तीन बॅगा, एक पोतं आणि लाडवांचा डबा असं सामान मोजून घेतलं होतं. भाईंदरला उतरले तेव्हा त्यात शेजारच्या बाईनं आग्रहानं दिलेली अर्धी फणी केळी वाढली होती. जावई, म्हणजे संध्याचे यजमान रवीराव, स्टेशनवर घ्यायला आले होते. सासूबाई एवढ्या हसतमुखानं उतरतील असं त्यांना वाटलं नसावं, कारण रिक्षात त्यांनी दोनदा विचारलं, आई, तब्येत बरी आहे ना? मी म्हटलं, बरी आहे म्हणूनच हसतेय.

लेकीचं घर इंद्रलोकात, तिसऱ्या मजल्यावर, ३०४ नंबर. हॉल, एक खोली, स्वयंपाकघर आणि वॉशिंग मशीननं अडवलेली गॅलरी. खिडकीतून समोरच्या इमारतीचे वाळत घातलेले कपडे दिसतात. त्यावरून मी संध्याकाळपर्यंत चार कुटुंबांची वर्गवारी करून टाकली. एकतीस वर्षं ग्रंथपाल होते, खोड जाईल कशी? ही रोजनिशीसुद्धा वाचनालयाच्या कोऱ्या दाखलनोंदवहीत लिहितेय. निवृत्त होताना ती घरी आणली. नोकरीत केलेली एकमेव चोरी.

संध्यानं मेथीची भाजी आणि ज्वारीच्या भाकरी केल्या होत्या. भाकरी जरा जाड होत्या, पण मी काही बोलले नाही, कारण मला इथं राहायचंय. घरात इंटरनेट झकास चालतं. तेच मला हवं होतं. मी इथं पाहुणचार झोडायला आलेले नाही. माझा लोकेश शोधायला आलेय.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

लोकेशबद्दल एकदा नीट लिहून ठेवते.

लोकेश माझा धाकटा. ११ ऑगस्ट २०१८ ला सकाळी घरातून गेला तेव्हा एकवीस वर्षांचा होता. चार दिवसांनी त्याचा फोन शेवटचा चालू होता तो मीरा रोडच्या आसपास, एवढं पोलिसांनी शोधलं. त्यानंतर सात वर्षं काहीच नाही. संध्या तेव्हा लग्न होऊन इकडंच आली होती. तिनं आणि रवीरावांनी त्याचा फोटो घेऊन सगळी स्टेशनं पालथी घातली.

तो का गेला हे फक्त मला माहीत आहे. त्यानं कथा लिहिल्या होत्या. बेचाळीस पानं, निळ्या बॉलपेननं, मधोमध दाभणानं शिवलेली, वर जाड कागदाचं वेष्टन. नाव ‘खालच्या कप्प्यातली माणसं’. आदल्या संध्याकाळी ती चोपडी घेऊन तो वाचनालयात आला आणि म्हणाला, आई, हिला दाखल नंबर दे, कपाटात ठेव. मी दिवसभराची वैतागलेली. म्हटलं, असल्या चोपड्यांना माझ्याकडं रद्दीतही जागा नाही. तो हसला, चोपडी टेबलावर ठेवली आणि गेला. हे वाक्य मी कुणाला सांगितलेलं नाही. संध्याला नाही, पोलिसांना तर नाहीच. त्यांना म्हटलं, भांडण वगैरे काही नव्हतं हो.

सात वर्षं झाली की कोर्टात अर्ज करून माणूस गेला असं ठरवून घेता येतं म्हणे. संध्याच्या सासरचे म्हणतात, विहारात पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम करा आणि मोकळ्या व्हा. वाचनालयात हरवलेली पुस्तकं आम्ही अशीच यादीतून कमी करायचो. त्याला निर्लेखन म्हणतात. मी शेकडो पुस्तकांचं केलं. पोराचं करणार नाही.

त्यापेक्षा मी तीन महिने बसून त्याची चोपडी संगणकावर उतरवली. रवीरावांनी एक संकेतस्थळ दाखवलं, तिथं कुणीही आपलं पुस्तक स्वतः विक्रीला ठेवू शकतं. आज ते चढवलं. लेखक लोकेश हनवते. दुसऱ्या पानावर आपल्या रीतीप्रमाणं प्रकाशकाचं नाव आणि पत्ता: सुगंधा हनवते, ३०४, सुप्रभा, इंद्रलोक, भाईंदर पूर्व. रवीराव म्हणाले, घरचा पत्ता कशाला, हल्ली कुणी टाकत नाही. मी म्हटलं, मराठी पुस्तकावर पत्ता नसेल तर वाचकानं पत्र कुठं टाकायचं? खरं कारण वेगळंच होतं. यायचं कुठं, ते त्याला कळायला नको?

गुरुवार, ६ नोव्हेंबर

आज सात चौकटी भरल्या. दिवस गेला त्यात.

संकेतस्थळ प्रत्येक पुस्तकाला सात रिकाम्या चौकटी देतं. त्यात शोधशब्द भरायचे. वाचकानं ते शब्द टाकून शोधलं की आपलं पुस्तक त्याच्यासमोर येतं. रवीरावांनी ऑफिसातून उत्साहानं यादी पाठवली: मराठी कथा, प्रेमकथा, भयकथा, वाचायलाच हवं असं पुस्तक. मी म्हटलं, जावई, ही यादी म्हणजे आठवडी बाजार झाला. आमच्या धंद्यातला पहिला नियम असा की हरभऱ्यावरचं पुस्तक हरभऱ्याखाली लावायचं, शेतीखाली नाही. शेतीखाली लावलं की शोधणारा त्यात बुडतो.

शिवाय मला हजार वाचक नकोतच. एकच हवाय. तो कधीतरी कुठंतरी बसून जुन्या गोष्टी शोधत असेल. माणूस शोधतोच. म्हणून फक्त त्याच्याच बोटांतून येतील असे शब्द निवडले. बॅटरी नावाचा कुत्रा. वाचनालयातलं पिवळं कपाट, ज्याच्यामागं बसून तो चौथीपर्यंत गृहपाठ करायचा. उकडलेल्या शेंगा आणि गूळ. सातव्या चौकटीशी अडले. शेवटी लिहिलं, आई रागावलेली नाही.

रोज दुपारी बारा वाजता संकेतस्थळ एक तक्ता देतं. काय शब्द टाकून लोक आपल्या पुस्तकापर्यंत आले, ते त्यात दिसतं. कुणी टाकले ते दिसत नाही, फक्त शब्द. उद्यापासून बारा वाजायची वाट बघायची.

रविवार, ९ नोव्हेंबर

तीन दिवस तक्ता कोरा. आज शेजारच्या ३०३ मधल्या टेरेझाबाई ओळख करून घ्यायला आल्या. मूळच्या उत्तनच्या, लेकीकडं, ॲलिशाकडं राहतात. हातात कायम विणकाम. मी आले तो त्यांचा मृतांच्या स्मरणाचा दिवस, त्या उत्तनला दफनभूमीत मेणबत्त्या लावायला गेल्या होत्या. त्यांचा मुलगा इयान सहा वर्षांपूर्वी बोटीवरून गेला. बरोबरच्या खलाशानं त्याला डोळ्यांदेखत बुडताना पाहिलं, पण देह मिळाला नाही. दगडावर नाव हाय, खाली माझा पोर न्हाय, असं त्या अगदी साध्या आवाजात म्हणाल्या. मी त्यांना दुसरा चहा दिला. मनात मात्र आलं, बाई, तुमचा गेलाय, माझा हरवलाय. असं मनात आल्याची लाजही वाटली.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

आला! तक्त्यात एक ओळ आली!

बॅटरी नावाचा कुत्रा. शोध एक.

मी एवढ्या जोरानं ओरडले की टेरेझाबाई विणकाम तसंच घेऊन धावत आल्या. जगात दुसरं कोण असले शब्द टाकून पुस्तक शोधेल? संध्या ऑफिसातून आल्यावर तिला मिठीच मारली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. रात्री मी दोन भाकऱ्या खाल्ल्या.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

रोज एक ओळ येतेय. शुक्रवारी आलं, बॅटरीचा डावा कान काळा. पुस्तकात त्या कुत्र्याच्या कानाचा उल्लेखही नाही! शनिवारी, पिवळ्या कपाटामागची पाल. मी जुने शब्द काढून नवे भरले. लोकेश कुठं आहेस. आई आता भाईंदरला. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं: आई जेवलीस का.

आई जेवलीस का. हे मी पडद्याला नाक लावून वाचलं म्हटलं तरी चालेल. सात चौकटींतून मी बोलायचं, तक्त्यातून त्यानं. असा पत्रव्यवहार कुणी केला नसेल. सगळ्या ओळी मी वहीत उतरवून घेतल्यात. शुक्रवारी पोलीस चौकीत जाणार. शब्द कुठून आले ते त्यांना शोधून काढता येईल.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

चौकीत गेले नाही. निघताना साडी नेसत होते तेव्हा संध्या आत आली आणि दार लावून घेऊन म्हणाली, आई, जाऊ नको, ते शब्द मी टाकत होते. ऑफिसच्या फोनवरून. तू आल्यापासून नीट जेवत नव्हतीस गं, मला बघवलं नाही.

निऱ्या हातातून सुटल्या, तशीच खाली बसले. तिनं माझ्या मांडीवर डोकं ठेवलं आणि खूप रडली. बॅटरी तिचाही कुत्रा होता, हे मी विसरले होते. पोर तिचाही भाऊ होता, हेसुद्धा मी सात वर्षं विसरलेलीच आहे.

तिच्या केसांवरून हात फिरवायला हवा होता. फिरवला नाही.

सोमवार, २४ नोव्हेंबर

संध्यानं शब्द टाकणं बंद केलंय. तक्ता कोरा. घरात कुणी मोठ्यानं बोलत नाही. रवीराव उगाच चांगले वागतात, त्याचाच जास्त राग येतो.

आज दुपारी सातही चौकटी पुसल्या. बॅटरी, कपाट, शेंगा, सगळं. कसली हुशारी आणि कसलं काय? सात वर्षं झाली, त्याला कुत्र्याचा कान कशाला आठवेल? माणूस अगदी एकटा पडला तर एकच शब्द टाकेल. मी पहिल्या चौकटीत लिहिलं, आई. खाली लाल अक्षरांत सूचना आली की हा शब्द फार व्यापक आहे, पुस्तक योग्य वाचकापर्यंत पोचणार नाही. ही सूचना मी स्वतः एकतीस वर्षं शिकाऊ मुलींना देत आले. मी बाकीच्या सहा चौकटींतही तेच लिहिलं.

बुधवार, २६ नोव्हेंबर

दोनशे बारा शोध. मी पानं खाली सारत राहिले.

आई भूक. मम्मी दरवाजा खोलो. आई मी उतरलो पण स्टेशन वेगळंच आहे. अम्मी मैं यहाँ हूँ. बा मने रस्तो नथी जडतो. आई शाळा सुटली. आई शाळा सुटली. आई शाळा सुटली.

रवीरावांनी समजावलं की आई हा शब्द रोज लाखो लोक टाकतात, त्यातले चार इकडं वळणारच. पटलं मला. आपण भुताखेतांना मानणारी माणसं नाही. माझ्या वडिलांनी अंगारे-धुपारे करणाऱ्याला वेशीपासून परत पाठवलं होतं. पण एक गोष्ट कळत नाही. मी चौकटीत आई लिहिलंय. मम्मी, अम्मी आणि गुजरातीत आईला बा म्हणणारे कसे आले? आणि पुस्तक शोधणारा माणूस दार उघडायला का सांगेल?

शुक्रवार, २८ नोव्हेंबर

सहाशे चाळीस ओळींत, खालून तिसरी:

रद्दीतही जागा नाही.

मला हसायलाच आलं. तो आहे! जिवंत आहे, कुठंतरी बसून हे टाकतोय, माझ्यावर रागावलाय आणि रागवायचा त्याला हक्क आहे! संध्याला ऑफिसात फोन केला आणि सात वर्षांत पहिल्यांदा सगळं सांगून टाकलं, मी त्याला काय बोलले ते. ती म्हणाली, आई, हे मला आज कळतंय, शपथ घेऊन सांगते, मी नाही टाकलं. मी म्हटलं, अगं वेडे, तेच तर सांगतेय, तू नाहीस, तो आहे!

गोडाचा शिरा केला. टेरेझाबाईंना वाटीभर दिला.

शनिवार, २९ नोव्हेंबर

शिऱ्याची वाटी परत द्यायला टेरेझाबाई आल्या. मी आनंदानं त्यांना तक्ता दाखवत होते, लोकेशची ओळ बोटानं दाखवत होते. त्या बघत होत्या वेगळीकडंच. त्यांनी दुसऱ्याच एका ओळीवर बोट ठेवलं आणि ती वाचायला सांगितली. मी वाचली: आये हिरवा स्वेटर उसवला.

त्यांच्या हातातली वाटी पडली. म्हणाल्या, मीच विनलेला. त्या दिशी त्याच्या अंगात व्हता.

मग आम्ही दोघी शेजारी शेजारी बसून राहिलो. त्या छातीवर क्रूस काढत होत्या. मी मनातल्या मनात विचार जुळवत होते, आणि जुळवायचा नव्हता.

रविवार, ३० नोव्हेंबर

इयान बुडाला. पाहणाऱ्यानं पाहिलंय. तो या यादीत आहे.

लोकेशही याच यादीत आहे.

म्हणजे या यादीत जे जे आहेत ते सगळे— हे वाक्य मी पुरं करणार नाही. परवा शिरा केला मी. शिरा केला.

सोमवार, १ डिसेंबर

दुपारी अडीच वाजता दूधवाल्याचा निरोप आला म्हणून दार उघडलं. बाहेर चपला होत्या. आमच्या रॅकमधल्या नव्हेत. आठ-दहा जोड, दाराशी नीट ओळीनं काढून ठेवलेले. एक शाळेचा काळा बूट, बंद न सोडता ओढून काढलेला. एक लहान बाळाचा, शिट्टीचा. जिन्यात चिटपाखरू नव्हतं.

पुस्तकाचं दुसरं पान. पत्ता मीच छापलाय.

मंगळवार, २ डिसेंबर

आज चपला जिन्यापर्यंत गेल्यात. खालच्या मजल्यावरच्या भाभी येऊन म्हणाल्या, आंटी, आपके यहाँ कोई फंक्शन है क्या, चलने को जगह नहीं. वॉचमन म्हणतो, वर कुणीही गेलेलं नाही. रवीरावांनी पोतं भरून चपला खाली ठेवल्या. तासाभरातच परत. तशाच ओळीनं. सगळ्यांची टोकं दाराकडं.

चपला माणूस काढतो तो आत यायला. ते आत येत नाहीत. बोलावल्याशिवाय कसं यायचं, म्हणून उभे आहेत.

बुधवार, ३ डिसेंबर

रवीराव पहिल्यांदा आवाज चढवून बोलले. म्हणाले, पुस्तक काढा, एक बटण दाबायचंय. संध्यानं माझे पाय धरले. म्हणाली, आई, त्याला जाऊ दे आता, विहारात कार्यक्रम करू, मी सगळं करते, तू फक्त हो म्हण.

बटण दाबलं की सगळे जातील. तोही जाईल. पुन्हा कुठं जाईल? एकदा मी त्याला जागा नाही म्हणून घालवलं, आता दारापर्यंत आल्यावर दुसऱ्यांदा? मी म्हटलं, शनिवारपर्यंत थांबा. मला त्याला एकदा बघू द्या. पुढं तुम्ही म्हणाल ते.

गुरुवार, ४ डिसेंबर

दुपारी सगळ्या चपला एकेक करून उचलून पाहिल्या. दीडशेच्या वर. त्याची कुठली?

आठवत नाही. तो गेला त्या सकाळी मी उठलेच नव्हते, रुसून पडून राहिले होते. पोलिसानं विचारलं, पायात काय होतं, तर मी म्हटलं, निळी स्लिपर. रकाना भरायचा म्हणून काहीतरी सांगितलं. सात वर्षं तेच छापून येतंय, निळी स्लिपर. त्याच्या पायाचं मापही मला— नऊ? आठ?

इथं निळ्या स्लिपरा अकरा आहेत.

शुक्रवार, ५ डिसेंबर

टेरेझाबाईंना सापडला. एक गमबूट, जिन्याच्या चौथ्या पायरीवर. छातीशी धरून तिथंच बसल्या. ह्यो त्याचाच हाय, म्हणाल्या. मला हेवा वाटला. खरंच वाटला. त्यांना बूट ओळखता आला.

माझा हात धरून म्हणाल्या, बंद नको करू बाय, आपली पोरं भायेरच राहतील.

संध्याकाळी त्यांनी बूट स्वतःच्या दाराशी नेऊन ठेवला. नुसता ठेवला नाही. आत ये म्हणताना मी ऐकलं.

शनिवार, ६ डिसेंबर

संध्या आणि रवीराव पहाटेच दादरला गेले, चैत्यभूमीवर. दरवर्षी मीही जाते. आज गुडघ्याचं निमित्त सांगितलं. संध्या दारात रेंगाळली, म्हणाली, आई, संध्याकाळी आल्यावर दोघी मिळून पुस्तक काढू, हं? मी हं म्हटलं. आज मात्र तिच्या केसांवरून हात फिरवला.

सकाळी अकरा

टेरेझाबाईंचं दार सताड उघडं. ॲलिशा कामावर. गमबूट आत, पायपुसण्यावर. खुर्चीवर विणकाम, सुई अर्ध्या टाक्यात, हिरवी लोकर. बाई नाहीत. स्वयंपाकघरात नाहीत. कुठंच नाहीत. त्यांच्या चपला मात्र बाहेर, बुटाच्या टोकाला टोक लावून—

बारा

तक्ता आला. आज एकच ओळ, हजारो वेळा.

आई आम्ही आलो.

दीड

बाहेर श्वास ऐकू येतात. लहान लहान. कुणीतरी नाक ओढतंय. रुमाल नसेल.

भीती वाटतेय. लिहायला हरकत नाही, भीती वाटतेय. पण रडूही येतंय, आणि रडूच जास्त आहे.

दोन

बटणावर बोट ठेवलं. काढलं. पुन्हा ठेवलं.

नाही होत.

दोन वाजून दहा

नावानं हाक मारून बघते. आवाजावरून ओळखेन. आईला येतं ओळखता.

मारली. दाराला तोंड लावून म्हटलं, लोकेश.

सगळ्यांनी ओ दिली. सगळ्यांनी. बारक्यांनी, बाप्यांनी, पोरींनी, एका थकलेल्या म्हाताऱ्या आवाजानंसुद्धा— त्यात त्याचा होता, असणारच— आणि मला नाही ओळखता आला. माझ्याच पोराचा आवाज, मला—

दोन वीस

मग तोंड बघून. एकेकाला. तोंड तर विसरले नाही ना मी.

कडी काढली. वही हातातच आहे. पहिला येतोय, मान खाली घालून येतोय, उंची तेवढीच वाटते— ये बाबा, माझा नसलास तरी ये— जरा वर बघ—